टेस्टिंगचा तवा

बालाघाटच्या आसपास प्रेमलालच्या लाऊडस्पीकरशिवाय लग्न लागत नसे, असा एक काळ होता. आता डीजेवाल्यांनी त्याला घरी बसवलंय. मांडवाच्या बल्लीवर पोंगा, म्हणजे कर्णा, चढला की तो आधी टेस्टिंगचा तवा लावायचा. रेकॉर्डला त्या धंद्यात तवाच म्हणत. टेस्टिंगसाठी चांगली गाणी कोण झिजवणार? म्हणून हा इंग्रजी तवा. तिरोडीच्या खाणीतला एक परदेशी साहेब मायदेशी जाताना देऊन गेला होता. कव्हरवर नारिंगी सूर्य, फुलंच फुलं आणि दात काढून हसणारी पाच पोरंपोरी. पहिलं गाणं अर्धं झालं की अडकायचं आणि तेवढंच घोकत बसायचं. मांडवातली पोरं खिदळायची. मग प्रेमलाल बोटानं सुई पुढे ढकलायचा, पोंगा ठीक आहे म्हणायचा आणि तवा काढून ठेवायचा. पुढे काय गाणी आहेत, हे ऐकायची त्या बहाद्दराला उभ्या आयुष्यात गरज वाटली नाही.

शांताबाई त्याला तिरोडीलाच भेटली, तिच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात. लाऊडस्पीकरवाला मशीन सोडून उठू शकत नाही आणि पंगतीला त्याला कोणी बोलावत नाही. सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं त्याच्या वाट्याला येतं. त्या दिवशी मात्र नवरीची धाकटी बहीण भरलेलं ताट घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. तिथेच गडी गारद झाला.

तीच शांताबाई आता त्याला ओळखत नव्हती. विसरण्याच्या आजारानं आधी शेजारपाजारच्यांची नावं नेली, मग नवराच नेला. घरात कोणी परका म्हातारा शिरलाय, असं तिला वाटे. हल्ली ती त्याच्या हातचा घासही घेईना. नागपूरहून लेक दीपिका आली, ती ठरवूनच.

"बाबा, माय तुमाले पाहून भिते," ती म्हणाली. "मी तिले घेऊन जाते. ऑटो सांगितला हाय."

शांताबाई भीत होती, हे प्रेमलाललाही दिसत होतं.

आईचे कपडे भरताना दीपिकाला कपाटात ते कव्हर सापडलं. तिनं सहज मोबाईलवर शोधलं.

"बाबा, पूरा अल्बम हाय इथं! साठच्या जमान्यातला. त्या टायमाले कोनी इचारलं नाही, आता लोक पागल झाले हायत याच्यासाठी."

तिनं गाणी लावली. स्वच्छ, कोवळे आवाज, एकमेकांत मिसळलेले, उन्हात वाळत घातलेल्या धुतल्या कपड्यांसारखे. दुसरं गाणं, तिसरं गाणं. प्रेमलाल थक्क झाला. एवढं सगळं त्याच्याच कपाटात पडून होतं! स्वतःचा त्याला राग आला, आणि लगेच एक वेडी आशाही वाटली. त्यानं मोबाईलवर पुन्हा पहिलं गाणं लावायला सांगितलं आणि तो शांताबाईच्या कानाशी धरला.

गाणं कुठेही न अडकता संपलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हे ते नाही," प्रेमलाल पुटपुटला. पलंगाखालून त्यानं जुना रेकॉर्ड प्लेअर ओढला, धूळ पुसली, तवा ठेवला. आधी नुसतीच खरखर. मग झिजलेलं गाणं. आणि मग ते नेहमीच्या जागी अडकलं.

"ओ लाऊडस्पीकरवाले," शांताबाई एकदम म्हणाली, "अटकलं ना! ढकला ना जरा."

बोटानं त्यानं सुई ढकलली. ती त्याच्याकडे निरखून पाहत होती. सकाळपासून न शिवलेलं वरणभाताचं ताट तिनं त्याच्याकडे सरकवलं.

"जेवले का तुमी? तुमाले तं कोनी इचारतच नाही."

प्रेमलालला रडू फुटलं. "तुमी बी खासान, तं खातो," तो कसाबसा म्हणाला.

ती लाजून हसली आणि तिनं त्याच्या हातचा घास घेतला. मग दुसरा. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. "आज नाही जात, भाऊ," दीपिकानं डोळे पुसत दारातूनच सांगितलं.

ताट संपलं. शांताबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"लगन झालं का तुमचं?"

"हौ."

"मंग इथं काहून बसून राह्यले? घरी जा ना. बायको वाट पाहत असन."

"हौ, जातो," प्रेमलाल म्हणाला, आणि त्यानं सुई उचलून पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली.