पाणी पिऊन सुटका

कोंडवाड्याचा दंड भरून पावती खिशात घातली की मालकाला वाटायचं, झालं, आता बैल घेऊन निघू. पण कोंडवाड्याचे राखणदार जेलरनाना कडीवरचा हात काढायचे नाहीत.

"आधी त्याला पानी पिऊ द्या."

"नाना, घरी गेल्यावर पिईल की!"

"घरी काय बी करू द्या. माज्या दारातनं तान्हेलं जनावर जायाचं न्हाई."

मग बैल रांजणाकडे वळेपर्यंत मालक उन्हात उभा. एकदा खुद्द सरपंचांची गाय आत होती. तिनं निवांत रवंथ केला, शेपटी हलवली आणि पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरपंच अर्धी दुपार ताटकळले. त्या दिवशी चाकणात त्या गाईइतकं खूश दुसरं कोणी नव्हतं, मी सोडून.

मी तेव्हा साताऱ्याकडून नुकताच येऊन कोंडवाड्यासमोरच्या कांद्याच्या वखारीत दिवाणजी म्हणून चिकटलो होतो. समोर असं फुकटचं नाटक रोज चालू असताना कोणाचं लक्ष कांद्यात लागेल? नाना पूर्वी पलटणीत खेचरं सांभाळायचे. तिथली शिस्त त्यांनी कोंडवाड्यात आणली होती. शिंगाळ जनावर वेगळं, गाभण सावलीत, आणि बसता येणार नाही इतकी आखूड दोरी कोणालाच नाही. कायद्यात कोंडलेल्या जनावराला चारापाणी द्यावं असं होतं. बाकीची कलमं नानांच्या पदरची. "कोंडायचा हक हाय, म्हंजी छळायचा हक न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य, "आत आलेल्याला एकच पानी." पाटलाचा खोंड असो की धनगराची शेळी, सगळ्यांना एकाच रांजणातलं.

अशा या नानांच्या पदरात एक दिवस माझा जीव जाऊन पडला.

बाजारात वाघ्या नावाचं एक कुत्रं होतं. वखारीच्या पायरीवर झोपायचं. मी त्याला रोज ओलांडून जायचो. त्या सकाळीही गेलो, आणि त्यानं माझी पोटरी धरली. मागल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत एक माणूस पिसाळलेल्या कुत्र्यानं गेला होता. पाणी पाहिलं की किंचाळायचा, असं सगळे सांगायचे. त्यामुळे माझी जखम धुऊन होण्याआधीच वखारीतला दादू पैलवान काठी घेऊन वाघ्यामागे धावला. मी पुण्याला डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, "कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं तर भ्यायचं कारण नाही. पण मारू नका. मेलं तर काहीच कळायचं नाही."

म्हणजे माझं मरण की जगणं, हे त्या कुत्र्याच्या पोटात होतं, आणि कुत्रं दादूच्या काठीच्या टप्प्यात.

परत येऊन पाहतो तर वाघ्याला नानांनी आधीच धरलेलं. मी हात जोडले. "नाना, ह्याला कोंडवाड्यात ठेवा."

"न्हाई जमायचं. कोंडवाडा गुराढोरांचा. कुत्रं कायद्यात बसत न्हाई."

"अहो, मी मरेन!"

"मराल तवा बगू," नाना म्हणाले, आणि त्यांनी काय करावं? वाघ्याला आपल्या खोलीत नेऊन लांब साखळीनं बांधलं, स्वतःची वळकटी उचलली आणि कोंडवाड्यात म्हशीशेजारी अंथरली. "कुत्र्याला मनाई हाय. म्हाताऱ्याला कुटं हाय?"

मग मी रोज सकाळी उठून आधी आरशात नाही, वाघ्याच्या तोंडात बघायचो. लाळ गळते का? डोळे लाल आहेत का? तो जांभई द्यायचा आणि मी दोन पावलं मागे सरायचो. तो चपचप पाणी प्यायचा आणि मला जेवण जायचं. माझं लग्न ठरलं होतं; होणाऱ्या बायकोच्या चेहऱ्यापेक्षा त्या कुत्र्याचा जबडा मला जास्त पाठ झाला.

मुदत सरत आली, आणि एका सकाळी वाघ्यानं पाण्याला तोंड लावलं नाही.

नानांनी ताटली पुढे सरकवली. वाघ्यानं हुंगली आणि अंग चोरून कोपऱ्यात गेला. दुपारपर्यंत तेच. बातमी बाजारभर झाली. खोलीसमोर माणसं जमली, सगळ्यांच्या पुढे दादू.

"नाना, बाजूला व्हा. पाण्याला भ्यालंय. आता काय राह्यलं?"

"मानसं हटवा. काठ्या बगून कोन पानी पिईल?"

"दिवाणजी, तुमीच सांगा!" दादू माझ्याकडे वळला.

सकाळपासून ताटलीकडे बघत बसल्यानं मीही पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शेजारीच कोंडवाड्याच्या कुंपणात, आतून-बाहेरून पोचेल असा रांजण होता. मी तांब्या बुडवला, तोंडाला लावला, आणि पहिला घोट घेताच सगळं फुर्रकन बाहेर उडवलं.

माझ्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आरं तिच्या," दादू पुटपुटला. "ह्यालाबी झालं!"

काठ्या वाघ्यावरून माझ्याकडे वळल्या. मी "कडू, कडू" म्हणत होतो, पण ठसक्यात ते भुंकल्यासारखं निघत असावं. लोक मागे सरले, दादू पुढे. तेवढ्यात माझ्या कॉलरला हिसका बसला. नानांनी मला कोंडवाड्यात ओढलं आणि बाहेरून कडी घालून ते दारात उभे राहिले.

"आत घेतल्यालं जनावर सरकारचं. हात लावलास तर केस व्हईल, दादू."

"माणूस कुठं कायद्यात बसतोय, नाना?"

नानांनी वळून मला न्याहाळलं. मग म्हणाले, "ह्यो बैल हाय. कुनाला शंका?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. दादूची काठी थोडी खाली आली. तेवढ्यात नानांनी माझ्या हातातून पडलेला तांब्या उचलला, रांजणात बुडवला आणि घोट घेतला. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनीही थुंकलं.

"कडुलिंबाचा पाला," ते हळूच म्हणाले. "गुरांत लाळ-खुरकुताची साथ हाय म्हनून पहाटं मीच काढा वतला. आन् त्यातलंच कुत्र्याला दिलं. आत आलेल्याला एकच पानी!"

म्हशीनंही सकाळपासून रांजणाला तोंड लावलं नव्हतं. पण ती पिसाळली का, हे कोणीच विचारलं नव्हतं.

नानांनी विहिरीचं ताजं पाणी आणून खोलीत ठेवलं. कोणी श्वास घेईना. आणि मग आतून आवाज आला, चपचप, चपचप. "दिवाणजी वाचले," म्हणत दादू काठीवर रेलून हमसून रडला, हे तो पुढे कधीच कबूल करायचा नाही.

मला मात्र नानांनी लगेच सोडलं नाही. ताजं पाणी समोर धरलं. "पी. मग कडी काढतो."

पुढे मी पिंपरीच्या नव्या कंपनीत लागलो. नाना म्हातारपणामुळे काम सोडून लेकीच्या गावी निघाल्याचं कळलं, तेव्हा शिफ्ट बदलून चाकणला गेलो. ते किल्ली देऊन निघतच होते. एका हातात वळकटी, मागे वाघ्या. मी दारात आडवा उभा राहिलो आणि तांब्या पुढे केला. "माझ्या समोरून तान्हेलं जनावर जायचं नाही, नाना."

त्यांनी घोट घेतला आणि फुर्रकन उडवला. मी लिंबाचा पाला चांगला ठेचून घातला होता.

"बैला!" नाना म्हणाले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग तांब्या पुन्हा तोंडाला लावला आणि ते कडू पाणी त्यांनी तळापर्यंत संपवलं. नियम म्हणजे नियम. मी वाटेतून बाजूला झालो.