सायकल धरून उभा असलेला माणूस

रुपरावांच्या हातावर हर्षाचा पहिल्या दिवसापासून भरवसा नव्हता.

माणूस लाख होता. वय शहाऐंशी, डोळे अधू, पण चहा पाजल्याशिवाय कुणाला दारातून परत पाठवायचे नाहीत. फक्त त्यांचा धंदाच तसा. चाळीस वर्षं त्यांनी नागपुरात बर्डीतल्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं होतं. म्हणजे निगेटिव्ह उजेडासमोर उभी धरायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने माणूस सुधारायचा. देवीचे व्रण बुजवायचे. सुरकुत्या उतरवायच्या. वाळक्या नवरदेवाच्या गालांवर थोडं मांस चढवायचं. पेन्सिल ते काचपेपरवर घासत, आणि टोक झालं की नाही हे स्वतःच्या ओठाला टेकवून बघत. ती सवय अजून होती. हातात काडी आली तरी ओठाला टेकवत.

समोरच्याशी बोलण्याआधी ते त्याचा चेहरा वाचत. पहिल्याच भेटीत हर्षाला म्हणाले होते की तिची डावी भुवई जरा उतरलेली आहे, दोन रेघांचं काम आहे. त्यांच्या घरात मात्र त्यांचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. विचारलं तर म्हणत, हलवाई मिठाई खातो काय?

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी निगेटिव्हचे चौदा डबे त्यांच्या हवाली केले. लग्नं, बारशी यांखेरीज त्यांत रस्ते होते. मालकांना सकाळी दुकान उघडण्याआधी कॅमेरा घेऊन बर्डीत फिरायचा नाद होता. आता शहरातल्या एका वाचनालयाने जुन्या बर्डीचं प्रदर्शन ठरवलं होतं, आणि फोटो निवडून त्यांखाली चार ओळी लिहायचं काम मराठीत एम.ए. झालेल्या हर्षाकडे आलं होतं. ती रोज दुपारी रुपरावांच्या खोलीत स्कॅनर लावून बसे. प्रत्येक फोटोमागे तिचा एकच प्रश्न ठरलेला. यातलं काय खोडलं आहे?

रुपराव लपवत नसत. इथे विजेची तार होती, म्हणत. इथे कुत्रं होतं. ही साड्यांच्या दुकानासमोरची मोकळी जागा म्हणजे बसलेली गाय. दुकानदार म्हणाला, गाय दिसली की गिऱ्हाईक दिसत नाही, म्हणून गाय उठवली. हर्षा हसे आणि वहीत 'गाय' असं लिहून ठेवे. पण मनात पाल चुकचुकत राही. जो हात गाय उठवू शकतो, तो काय नाही करू शकत?

अकराव्या डब्यात ते पाकीट निघालं. वर मालकांच्या अक्षरात तारीख होती, २६ जानेवारी १९५५.

फोटो झक्क होता. मागे किल्ल्याची टेकडी. रस्त्यावर पताका. आज जिथे मेट्रोचा जिना उतरतो, तिथे टांग्यांची रांग. माणसं झेंडावंदनाला निघालेली, सगळी आपापल्या वाटेने, पाठमोरी नाहीतर आडवी. एकच माणूस कॅमेऱ्याकडे बघत होता. काळी टोपी, एक हात सायकलच्या हँडलवर. कुणीतरी हाक मारावी आणि त्याने थांबावं, तसा.

हर्षाने चेहरा स्क्रीनवर मोठा केला.

हा माणूस तिच्या घरी होता. उमरेडच्या घरात, आजीच्या खोलीत, चंदनी हाराखाली. तिचे पणजोबा, रामाजी.

रामाजींची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. हातमागावरच्या साड्यांचं गाठोडं घेऊन ते नागपूरला गेले, आणि तिथेच पटकीने गेले. प्रेत घरी आलंच नाही. सोबत गेलेल्या एका माणसाने येऊन निरोप सांगितला, आणि पणजीने, तुळसाबाईंनी, कुंकू पुसलं. हर्षाची आजी सुभद्रा तेव्हा सात वर्षांची होती. साल होतं १९५१.

मग १९५५ साली हा माणूस बर्डीत सायकल धरून उभा कसा?

तिने उमरेडला धाकट्या भावाला, गोलूला फोन लावून भिंतीवरच्या फोटोचा फोटो मागवला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. भिंतीवरच्या माणसाला कोट होता आणि फेटा होता. पण डोळे तेच, हनुवटीवरची खळी तीच, आणि उजवा खांदा तसाच किंचित उतरलेला. सायकल धरल्यासारखा. भिंतीवर सायकल नव्हती.

तिने रुपरावांना विचारलं, हा कोण?

रुपरावांनी पाकीट डोळ्यांशी नेलं. उलटं केलं. कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे पाकीट काहून निघालं?" ते पुटपुटले. मग म्हणाले, "हा फोटो नको लावू." आणि पाकीट मांडीखाली सारून बसले.

चहा त्या दिवशी विसरले.

हर्षाला आता झोप लागेना. म्हातारा काहीतरी जाणून आहे, हे उघड होतं. एकदा संशयाने घर केलं की तो भिंतीही उकरतो. निरोप घेऊन आलेला तो माणूस कोण होता? त्याचं नावही घरात कुणी घेत नसे. अग्नी कोणी दिला? अस्थी कुठे गेल्या? बायको-पोरगी मागे टाकून रामाजींनी नागपुरात दुसरं घर तर मांडलं नव्हतं? आणि मग पाकीट लपवणारे हे रुपराव त्यांचे कोण लागतात? दुसऱ्या दिवशी ती रुपरावांच्या नाकाकडे बघत बसली. नाक तिला ओळखीचं वाटू लागलं. दुपारपर्यंत खळीही दिसू लागली.

"असं का पाहून राहिली वं?" रुपरावांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. पणजोबा, पटकी, तारीख, गोलूने पाठवलेला फोटो. शेवटी म्हणाली, "काका, माझी आजी ऐंशी वर्षांची आहे. ती रोज या माणसाच्या पाया पडते. तो तिला टाकून पळाला असेल तर मला कळलं पाहिजे."

 रुपरावांनी पाकीट काढलं आणि कोपरा तिच्यापुढे धरला. तिथे लाल शाईचा एक टिपका होता, उडून गुलाबी झालेला. स्टुडिओचा एक नेम होता, त्यांनी सांगितलं. खेड्यापाड्यांतून बायका यायच्या. लेकीचं लग्न ठरलेलं, मांडवात पाटावर बापाचा फोटो ठेवायचा, मुलीने नमस्कार करायचा. आणि बापाने जन्मात फोटो काढलेला नाही. मग मालक त्यांच्यापुढे रस्त्याचे फोटो ठेवत. बघा, यात कोणी तुमच्या माणसासारखा दिसतो का. बाई बोट ठेवी. रुपराव तेवढा चेहरा मोठा करून घेत, टोपीचा फेटा करत, अंगात कोट घालत. ज्या निगेटिव्हमधला चेहरा असा दिला, तिच्या पाकिटावर लाल टिपका. तो फोटो पुन्हा शोकेसमध्ये लावायचा नाही, विकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. असे एकवीस टिपके होते. ती पाकिटं रुपरावांनी वेगळी काढली होती. हे एक डोळ्यांना दिसलं नाही.

"कोटाचं तिसरं बटन पाह्य," ते म्हणाले. "नाही आहे. तिथं बाजूवाल्याचं कोपर आलं होतं. कोपर खोडलं, तिथं बटन रंगवायचं राहून गेलं."

हर्षाने मोबाइलवर पाहिलं. पहिलं बटण, दुसरं, मग चौथं. लहानपणापासून पाहिलेला फोटो, आणि हे तिला कधी दिसलं नव्हतं.

पण संशय गेला नाही. बटणाने इतकंच सिद्ध होत होतं की भिंतीवरचा फोटो या रस्त्यातून उचलला. रस्त्यातला माणूस रामाजी नव्हता, हे कशावरून? तुळसाबाईंनी कदाचित परक्यावर नव्हे, खऱ्या नवऱ्यावरच बोट ठेवलं असेल. ओळखून. आणि गप्प राहिल्या असतील. शिवाय सांगणारे कोण, तर गाय उठवणारे रुपराव. गोष्टीलाही पेन्सिल लावता येते.

तिने त्यांना तसं तोंडावर सांगितलं. रुपरावांना राग आला नाही. ते एवढंच म्हणाले, "उमरेडची बाई तीन दिवस येत होती. तिनं नाही निवडला. तिच्या पोरीनं निवडला." मग पाकीट तिच्या हातात दिलं. साठ-पासष्ट वर्षांत टिपक्याचं पाकीट त्यांच्या हातून पहिल्यांदा बाहेर गेलं.

हर्षाने सकाळची एसटी धरली. उमरेड येईपर्यंत तिने चार प्रकारे बोलायचं ठरवलं आणि चारही टाकून दिले. आजी खोलीत तांदूळ निवडत बसली होती. वर भिंतीवर रामाजी.

हर्षा जवळ बसली. म्हणाली, "आजी, बर्डीचा एक जुना फोटो सापडला. रस्त्याचा."

आजीने सुपातून मान वर केली नाही.

"त्यात सायकल आहे काय?" तिने विचारलं.

हर्षाने पिशवीतून पाकीट काढलं.

आजीने सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि सांगितलं. आवाज चढला नाही, भरूनही आला नाही. लग्नाच्या आधी मायलेकी बर्डीत गेल्या होत्या. आईसमोर तीन दिवस फोटो ठेवले. तिला एकही पसंत पडेना. याचं नाक तसं नाही, त्याचे कान तसे नाहीत.

"आईले बाबाचं तोंड आठवत होतं, म्हणून तिले कोणी चालेना," आजी म्हणाली. "मले आठवतच नव्हतं. मले कोणीही चालला असता. पण बाकीचे सारे आपल्या रस्त्यानं जाऊन राहिले होते. हा एकटा माझ्याकडे पाहत होता."

आणि तो निरोप? हर्षाने विचारलं. पणजोबा खरंच पटकीने गेले का?

आईने स्वतः नागपूरला जाऊन चौकशी केली होती, आजी म्हणाली. दवाखान्याच्या लोकांनीच दहन केलं होतं. तिथून रामाजींच्या कमरेचा करगोटा मिळाला, तो तुळसाबाईंनी मरेपर्यंत कनवटीला ठेवला. फोटोच्या पाया मात्र त्या कधी पडल्या नाहीत. घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

हर्षाने रुपरावांबद्दल सांगितलं आणि पाकिटात निगेटिव्हसोबत असलेला फोटो काढून दिला. आजीने तो खिडकीच्या उजेडात धरला. पासष्ट वर्षं तिने या माणसाला छातीपर्यंतच पाहिलं होतं. आता त्याला पाय होते. धोतर एका बाजूने वर खोचलेलं होतं. सायकलच्या मागे कसलीतरी पिशवी बांधलेली होती. आजी त्या पिशवीकडे खूप वेळ बघत होती.

"कोण होता हा, त्या बुढ्याले मालूम आहे काय?"

"नाही. त्यांच्या मालकांनाही माहीत नव्हतं. रुपरावांचं म्हणणं आहे, हा फोटो प्रदर्शनात लावू नको."

आजीने भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या रस्त्याकडे.

"लाव," ती म्हणाली. "मोठा करून लाव. याचंही घर असन न कुठंतरी. कोणी येईन, ओळखीन."