सुकटीसाठी तंबू

गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरणाऱ्यांसाठी बनवलेला तंबू माझ्या मुलानं माझ्यासाठी आणला. बेसिंगस्टोकमध्ये बर्फ पडलाच तर दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो, आणि मासे धरण्याची हौस मला या वयात नाही. मला फक्त सुकट भाजायची होती.

नागपूरहून मुलाकडे राहायला आले, तर इथल्या एका बांगलादेशी दुकानात झकास सुकट मिळाली. कांदा-तिखट घालून तव्यावर भाजली. घर भाड्याचं, चूल, बैठक आणि कोट टांगायच्या खुंट्या सगळं एकाच खोलीत. दुसऱ्या दिवशी सून कोट घालून ऑफिसला गेली आणि मीटिंगमध्ये शेजारच्या बाईनं उठून खिडकी उघडली. सून मला काही बोलली नाही, मुलगा बोलला. "आई, स्मेल कोट्समध्ये बसतो गं. इथे लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण नोटीस करतात." मग घरभर व्हॅनिलाच्या मेणबत्त्या आल्या. जाळलेल्या आइस्क्रीमच्या त्या वासात भाकरी घशाखाली उतरेना. मी म्हटलं, सुकट मी सोडणार नाही, बाकी काय ते तू बघ.

त्यानं बघितलं. शेडला घरमालकाची परवानगी लागते, साधा मांडव इथल्या वाऱ्यात शेजाऱ्याच्या अंगणात उडून जातो. शेवटी हे मासेमारीचे तंबू सापडले आणि त्याच्या अंगात आलं. रोज जेवताना लॅपटॉप पुढे. एक तंबू घसरगाडीवर बसवलेला, पालथा टाकला की डोक्यावर येणारा. त्यात नुसतं बसता येतं. मी विचारलं, "वाकून वाकून भाजू का?" दुसऱ्या तंबूच्या भिंती मधोमध धरून बाहेर ओढल्या की तो छत्रीसारखा ताठ होतो, आत उभं राहता येतं. कापड रजईसारखं दुहेरी, तळ नाही, चारी बाजूंना खिडक्या. तो ठरला.

मेडनहेडच्या एका माणसाकडे वापरलेला मिळाला. त्याला तो तळ्याकाठी वाहून न्यायला जड व्हायचा. मीही गाडीतून गेले. माणूस हौशी. मोठमोठे कार्प मासे धरतो, म्हणाला, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. खात नाही. गळ टोचून तोंड फाडायचं, मांडीवर घेऊन हसत फोटो काढायचा आणि वर दया म्हणून सोडून द्यायचं! मला शिसारी आली. मुलगा मात्र "लव्हली, लव्हली" करत होता.

घरी येऊन मागच्या परसात तंबू उघडला आणि मी नाकाला पदर लावला. त्या गृहस्थानं माशांना घालायचं आमिष आत ठेवलं असावं. कुजक्या पेंडीचा, आंबलेल्या मासळीचा भपकारा आला. कोपऱ्यात वाळक्या अळ्या चिकटलेल्या. सुकटीचा वास नको म्हणून आणलेल्या वस्तूला माझ्या सुकटीनं लाजून मान खाली घालावी असा वास! व्हिनेगरच्या पाण्यानं घासून घासून माझी बोटं सोलली. गवतातल्या गोगलगायी चपलेखाली चिरडायच्या, ती किळस वेगळीच.

मग दुरुस्त्या. विजेची शेगडी वायर ओढून आत घेतली, कारण बंद तंबूत जाळ नको हे आम्हा दोघांनाही पटलं होतं. धूर बाहेर जायला छताजवळ गोल भोक पाडलं, त्यात बाथरूमचा पंखा बसवला. कापड उसवू नये म्हणून भोकाला जुन्या जीन्सची दुहेरी पट्टी मीच शिवली. तंबूच्या खालच्या झालरीवर खरं तर बर्फ लोटायचा असतो. आम्ही विटा ठेवल्या. जमिनीवर रबरी मॅट घातली. काम सुबक झालं, हे कबूल. आणि त्याला माझेही हात लागलेत म्हणून मला बरं वाटत होतं, याचाच संताप येत होता.

पहिल्या दिवशी सुकट भाजली. पंखा छान ओढत होता. मी ताट वाढलं आणि घराकडे वळले, तर मुलगा घडीची खुर्ची आणि छोटं टेबल घेऊन समोर उभा.

"आई, इथेच जेवून घे ना. कम्फी आहे बघ, हीटर पण देतो. आणि शाल इथेच काढून ठेव, मग आत ये."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं.

माझी आई पाटलाच्या शेतात निंदायला जायची. तिचं जेवण वाड्याच्या मागं, गोठ्याजवळ. कप वेगळा, वळचणीला खोचलेला. हे मी मुलाला लहानपणापासून सांगत आले. दरवर्षी जयंतीला क्रॉयडनच्या हॉलमध्ये तो माइक धरून समतेवर बोलतो, त्या भाषणात आजीचा कप असतो. लोक डोळे पुसतात.

मी हातातलं ताट घेऊन त्याच्या बाजूनं घरात गेले आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. शालीसकट. लॅपटॉपवर काम करणाऱ्या सुनेनं वर पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि मला पाणी आणून दिलं.

मुलगा मागोमाग आला. चेहरा लाल. "आई, तू उगाच कुठलं कुठे नेतेस. तसं कुणी केलंय का? तुझ्याच सोयीसाठी केलं ना सगळं?"

"माझ्या आईलाही हेच सांगायचे," मी म्हटलं. "तुझ्याच सोयीसाठी सावलीत वाढलंय, म्हणायचे."

तो समोरची खुर्ची ओढून बसला. मान खाली. मी त्याला खा म्हटलं नाही आणि त्याची समजूतही काढली नाही. भाकरी मोडली, सुकट घेतली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या घरात, पोटभर जेवले.