बल्ब गेला कसा?

माणसं माणसांच्या मयताला जातात. माझे घरमालक काका बल्बच्याही जायचे. नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा पिवळा बल्ब उडाला की चष्मा पुसत काका त्या दारात हजर. बल्ब कानाशी धरून हलवायचे, आतली तार किणकिणली की मान डोलवायचे, मग उजेडाकडे धरून निकाल द्यायचे. काच आतून काळवंडलेली असेल तर, "वयानं गेला. तापून तापून तार झिजते, उडून काचेवर बसते आणि एक दिवस बारीक झालेल्या जागी तुटते." काच स्वच्छ निघाली, म्हणजे वयानं नाही, कुणाच्या तरी हयगयीनं गेला; मग मात्र घरातल्यांची खैर नसे. समोरच्या गुजराती भाभी एकदा वैतागल्या, "काका, बल्ब ही तो है, नया लगा दो ना!" काका म्हणाले, "लगाएगा भाभी, पण गया कैसा वो तो देखना पडेगा ना?"

थंड तारेत वीज एकदम घुसते, म्हणून बल्ब बहुधा बटण दाबतानाच मरतो, असं ते सांगत. त्यामुळे पॅसेजचा बल्ब त्यांनी कधी विझवलाच नाही. बटणावर चिकटपट्टी मारून ठेवलेली. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटातही एक जळत असे. "हा दिवा नाही रे, शेगडी आहे. खातो ते बहुतेक उष्णतेत घालवतो, उजेड म्हणजे वरची चिल्लर." एलईडी कमी खाते, हे त्यांना मान्य होतं. तरी राग होताच. "आतले दिवे धडधाकट आणि बाजूचं सर्किट जळालेलं! ह्याला काय मरण म्हणायचं?"

मी आठवीत शाळा सोडून रत्नागिरीकडून आलेलो, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणारा. ना ओळख, ना दलाल, तरी काकांनी आतली खोली दिली. बल्ब माझ्या हातून जाईल आणि खोलीही जाईल, ह्या धास्तीनं मी मोबाइलच्या उजेडात जेवायचो. काकांनी पाहिलं. "अरे, अंधारात काय जेवतोयस? बल्ब माणसासाठी असतो," म्हणाले आणि स्वतः बटण दाबलं. ते मी विसरणार नाही.

पुढे काकांची नजर अधू झाली. पुण्याचा मुलगा म्हणे, इकडे या. काका म्हणत, "मला सगळं दिसतंय." मुलगा बघायला आला त्याच दिवशी स्वयंपाकघरातला बल्ब गेला. काकांनी तो हलवला, खिडकीशी धरला. "काळा झालाय. वयानं गेला."

काच पाण्यासारखी स्वच्छ होती. मुलानं माझ्याकडे पाहिलं.

"काळाच आहे," मी म्हणालो.

मुलानं तो हळूच काकांच्या हातातून घेतला, कागदात गुंडाळला. थोड्याच दिवसांत काकांची बॅग भरली गेली. जाताना मुलगा मला म्हणाला, "तुम्ही राहा. घर बंद नको."

परवा काकांचा फोन आला. "इथे सगळं छताच्या आत बसवलंय रे. उजेड येतो, पण दिवा कुठे आहे तेच कळत नाही. हातात काय घेणार?"

मी भीतभीत म्हटलं, "काका, मग या ना इकडे थोडे दिवस."

"वा रे! भाडेकरू मालकाला पाहुणा बोलावतो होय?" काका खूप हसले. मग आवाज खाली आणून विचारलं, "कधी येऊ?"