गठ्ठ्यातली मागची काच

काचेचं काम एकट्याचं नाही. हे मी प्रवचन देऊन राहिलो नाही, साधी धंद्यातली गोष्ट सांगतो. दाराएवढी शीट उचलायला दोन माणसं लागतात. एक पुढं, एक मागं, मधे काच, आणि तीही उभी. आडवी धरली की ती स्वतःच्याच वजनानं मोडते. चालताना दोघांनी बोलायचं नाही आणि तिसऱ्यानं वाटेत यायचं नाही. पण जबलपुरात हे कोण कोणाला समजावणार? तुम्ही काच धरून रस्ता ओलांडत असता आणि एखादा स्कूटरवाला नेमका तेव्हाच विचारतो, "भैया, पाटन की बस किधर से मिलेगी?" माझं डोकं जे फिरतं, ते काच टेकवून झाल्यावरही बराच वेळ ठिकाणावर येत नाही. बायको म्हणायची, तुमच्यापेक्षा ती काच बरी, तिला निदान तडा गेलेला दिसतो.

दुकान पुढं, राहायचं घर मागं, दोन्हीच्या मधे गोदाम. गोदाम म्हणजे एक लांबट खोली. भिंतीशी लाकडी स्टँड, त्यांवर काचा उभ्या, जरा मागं रेललेल्या. खाली पट्ट्या, पट्ट्यांवर रबर, कारण काचेची कड फरशीला लागली की तिथूनच ती जाते. मोठी काच मागं, लहान पुढं. हातात जाड मोजे, पायात बूट. आणि सगळ्यात मोठा नियम, पडणारी काच धरायची नाही. पडू द्यायची, आपण बाजूला व्हायचं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "काँच तो फिर आ जाएगी, हाथ नहीं आएगा." त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, त्यामुळे मी उलटून काही विचारलं नाही.

यातलं सगळ्यात वाईट काम कोणतं विचाराल तर गठ्ठ्यातली मागची काच काढणं. गिऱ्हाइकाला नेमकी तीच पाहिजे असते. खरी पद्धत अशी की पुढच्या काचा एकेक करून दुसऱ्या स्टँडवर न्यायच्या आणि मग मागची घ्यायची. त्याला वेळ लागतो आणि दोन धडधाकट माणसं लागतात. म्हणून सगळे चोरवाट काढतात. एकानं पुढच्या काचा आपल्याकडे थोड्या झुकवून धरायच्या आणि दुसऱ्यानं बाजूनं मागची सरकवून घ्यायची. उभी काच हाताला हलकी लागते, त्यामुळे माणूस फसतो. वीतभर जास्त झुकली की सगळा भार अंगावर येतो.

ही चोरवाट आम्ही नवरा-बायको वापरायचो. कारागीर जेवायला गेला असला की मी गोदामातून ओरडायचो, "अगं, धर!" ती कणकेचे हात पुसत यायची, मोजे चढवायची, काचा धरायची आणि धरल्या धरल्या मला बोलायची. गॅसवर भाजी आहे जी, लवकर करा. तुमचं कधी संपत नाही. अशी ही सगळी बडबड काचेपलीकडून. मी मागची काच बाहेर घेतली की ती पुढच्या काचा हलकेच मागं रेलवायची आणि निघून जायची. कधी खरचटलंसुद्धा नाही कोणाला.

ती गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेली, चालत गेली होती. आता मागच्या घरात मी एकटाच. मुलगी बंगलोरला असते, रोज फोन करते, वाईट मुलगी नाही. पण मी मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देते. "पापा, खाना खाया?" म्हणते. तिला सगळं समजतं, बोलता येत नाही. कारागिराशी हिंदी, गिऱ्हाइकांशी हिंदी, बँकेत हिंदी. जयंतीला विहारात आपली माणसं भेटतात, जयभीम होतो, तब्येतीची चौकशी होते, मग ज्याचा तो घरी. बाकीच्या दिवसांत माझ्या तोंडून मराठी निघते ती बोटावर हातोडी बसल्यावर. एकटं वाटतं का म्हणाल तर वाटतं, भयंकर वाटतं. संध्याकाळी शटर ओढलं की ते जास्त वाटतं.

तर ही गोष्ट एप्रिलातल्या दुपारची. कारागीर मझौलीचा, गहू काढायला गावी गेला होता, दोन दिवसांनी यायचा होता. गव्हाच्या वेळी तो मालकाचं ऐकत नाही, आणि का ऐकावं त्यानं? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी कूलरसमोर बसून पेपर वाचत होतो, तेव्हा एक बाई फोनवर बोलत आत आल्या. माझ्याच वयाच्या असतील, थोड्या लहान. फोनवर म्हणत होत्या, "अगं, मी काचेच्या दुकानात येऊन राहिली, ठेव आता, मग बोलते."

मी म्हटलं, "बसा ताई."

त्यांनी फोन खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आपल्याकडले का जी? भंडाऱ्याकडले?"

"वर्ध्याकडले. वडील इकडे फॅक्टरीत होते."

झालं. पुढं आम्ही जे बोलत सुटलो, ते काम बाजूलाच राहिलं. त्या खमरियात फॅक्टरीच्या क्वार्टरला राहायच्या. नवरा रिटायर होत होता, सामान नागपूरला हलवायचं होतं. सासूच्या वेळच्या कपाटाच्या दाराची काच फुटली होती आणि ते कपाट तसं फुटकं घेऊन नव्या घरात जायचं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. नमुना म्हणून फुटका तुकडा आणला होता, पेपरात गुंडाळून, पिशवीत टोमॅटोच्या शेजारी.

"काच अशी आणतात का, ताई?" मी म्हणालो. "बोट गेलं असतं, टोमॅटो म्हणून हात घातला असता तर."

"रागावता काहून? आणली ना धड." त्या हसल्या. मला बरं वाटलं. माझ्या रागाला हसणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

तुकडा जुन्या डिझाइनचा होता, बारीक पानं उमटलेली. असली काच आता येत नाही. माझ्याकडे एकच शीट उरली होती आणि ती कुठं असणार? गठ्ठ्यात सगळ्यात मागं, पुढं मोठ्या जाड काचा उभ्या. मी हे सांगितल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "मग मी नंतर येते ना भाऊ. सामान रविवारी जाऊन राहिलं, घाई नाही."

आता बघा, मी "बरं, परवा या" एवढंच म्हणायचं होतं. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं सांगून राहिलं होतं. पण परवा त्या येतील की नवऱ्याला पाठवतील, कोणास ठाऊक. मला त्यांनी तिथं बसून राहायला हवं होतं. मी माठातलं पाणी दिलं, कूलर त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, "नाही नाही, बसा. आत्ता काढून देतो."

गोदामात गेलो, मोजे चढवले. बोलणं चालूच होतं. त्या पुढून विचारत होत्या, मी आतून उत्तरं देत होतो. काच हातात असताना बोलायचं नाही हे मी उभा जन्म दुसऱ्यांना शिकवलं.

"घरी पाटोडीचा रस्सा होतो का जी? इकडे बायकांना माहीतच नाही पाटोडी."

"करते ना," मी म्हणालो. "झणझणीत करते."

का तसं म्हणालो, सांगता येत नाही. बायको गेली म्हणून सांगितलं की समोरच्याचा आवाज बदलतो, मऊ होतो, मग बोलणं आखडतं. मला ते नको होतं त्या दिवशी. आणि "करते" म्हणायला बरं वाटलं, हेही खरं.

बोलता बोलता मी पुढच्या काचा डाव्या खांद्यावर घेतल्या आणि उजवा हात मागं घातला. मागची काच हाताला लागली, पण हलेना. खाली रबराला चिकटली असावी. मी जरा जोर लावला. काचेवर काच घासल्याचा बारीक आवाज आला आणि पुढचा सगळा गठ्ठा माझ्या छातीवर आला.

मागं सरावं तर मागं आरशांची पेटी. ती दोन दिवसांपूर्वी मीच तिथं टेकवली होती, जागा नव्हती म्हणून. पाय पेटीला लागले. उजवा हात काचांमागं अडकलेला, डाव्या खांद्यावर आणि छातीवर सगळं वजन. सोडून बाजूला व्हायला बाजूच नव्हती. खांदा ढिला केला असता तर काचा माझ्यावर फुटल्या असत्या, गळ्याशी, मांडीशी, जिथं लागलं की रक्त थांबत नाही.

"अगं, धर!" मी ओरडलो.

कोणी आलं नाही. कूलरचा आवाज येत होता.

"अगं ये ना लवकर, धर!"

दुसऱ्यांदा ओरडल्यावर मला समजलं की मी कोणाला हाक मारून राहिलो. मी घराकडच्या दाराकडे बघत होतो. त्या दाराला आतून कडी होती, सकाळी मीच लावलेली. अंगातलं बळच गेलं माझ्या. काचेच्या भारानं नाही गेलं. मला रडू आलं, आणि रडताना छाती हलते, आणि छाती हलली की काचा हलत होत्या, म्हणून मी तेही गिळलं. राग आला तिचा. म्हटलं, अशी कशी गेलीस, मला असं भिंतीशी ठेवून.

फोन पुढं चार्जिंगला होता. त्या बाईंना हाक मारावी तर त्या काय करतील? नवखं माणूस धावत येतं, समोरून येतं आणि थेट काच पकडतं. मग दोघंही गेलो असतो. कोणाची तरी आई, कोणाची तरी बायको, कपाटाची काच घ्यायला आलेली. खांदा खाली सरकायला लागला होता. आणखी थोडा वेळ थांबलो असतो तर निवडायला काही उरलं नसतं.

"ताई! ओ ताई! जरा आत या. धावू नका. दाराशीच थांबा."

त्या दाराशी आल्या. हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. ओरडल्या नाहीत.

"समोर येऊ नका," मी म्हटलं. "बाजूनं या, भिंतीकडून. तिथं मोजे आहेत खिळ्याला, ते घाला आधी."

घातले. घाईत एक मोजा उलटा चढला, तो काढून परत घातला.

"आता पुढच्या काचेला तळवा लावा, मधोमध. पकडू नका, नुसता लावा. मी म्हणेन तेव्हा भिंतीकडे लोटा. आणि सुटलं तर हात काढून मागं सरा. मला धरायला येऊ नका, समजलं का?"

"गप राहा तुम्ही," त्या म्हणाल्या. "कधी लोटू ते सांगा."

"लोटा."

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा मी खांदा खालून घातला, त्यांनी वरून जोर दिला, आणि भार हळूहळू उतरत गेला. काचा उभ्या झाल्या, मग मागं रेलल्या. मी हात बाहेर काढला. मनगटाजवळ चिरलं होतं, फार नाही. एका काचेचा कोपरा उडाला होता. एवढ्यावर भागलं.

त्यांनी मला हाताला धरून पुढं आणलं, खुर्चीवर बसवलं, त्याच पेल्यातलं पाणी पाजलं. माझ्या मनगटाला आपला रुमाल बांधला. मग सुरू झाल्या. "अक्कल आहे का जी? एकट्यानं कायले हात घालायचा? मी म्हटलं होतं ना नंतर येते म्हणून. मरून गेले असते तर पोलिसांनी मलेच धरलं असतं." मी मान खाली घालून ऐकत होतो. त्यांनी आणखी बोलावं असं वाटत होतं, म्हणून मधे एकही शब्द काढला नाही.

बोलून थकल्यावर त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. "तुमचा पहिला आवाज ऐकला होता मी," म्हणाल्या. "पण तुम्ही 'अगं' म्हणून घरात बोलावून राहिले होते. म्हटलं येतील त्या, नवरा-बायकोच्या मधात आपण कायले पडायचं? म्हणून बसून राहिली. नाही तर तेव्हाच आली असती."

मी मनगटावरच्या रुमालाची गाठ सारखी केली.

"त्या काहून आल्या नाही?"

"ऐकू गेलं नसेल," मी म्हणालो.

त्यांनी घराच्या बाजूला एकदा पाहिलं. मग पिशवी उचलली. काच राहू द्या म्हणाल्या, कारागीर आला की काढा, मी आमच्या ह्यांना पाठवते रविवारच्या आधी. पायरी उतरल्या, आणि परत दोन पावलं आत आल्या. आवाज एकदम बारीक केला, मागं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"भाऊ, एक ऐका. त्यांना सांगू नका आजचं. बाईच्या जीवाला उगाच घोर लागून राहतो, मग तुम्ही आत गेले की तिचं कशात लक्ष लागणार नाही."

"बरं ताई," मी म्हणालो. "नाही सांगत तिला."