आत्याच्या अंगणातला प्लग

आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. हौसेनं विजेवरची गाडी घेतली, पण आम्ही पडलो भाडेकरू. पार्किंगमध्ये चार्जर बसवू का विचारलं, की घरमालकाचा नन्नाचा पाढा सुरू. मग ह्यांना एकाएकी म्हाताऱ्या आत्याचा पुळका आला, कारण तिच्या अंगणात प्लग होता! दर रविवारी गाडी तिथं लावायची आणि चार्ज होईपर्यंत आत्याशी गप्पा मारायच्या. ती बिचारी सकाळपासून खपून स्वयंपाक करायची. "भाचा असावा तर असा," असं शेजारणीला ऐकवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण मीही मुकाट्यानं जेवायचे.

गेल्या महिन्यात मालक एकदाचा राजी झाला. खाली चार्जर बसला आणि आमचे रविवार बंद पडले. "जाऊ पुढच्या आठवड्यात," हे म्हणायचे, आणि मी मान डोलवायचे.

काल आत्याचाच फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी काढणार. पण तिच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता.

"गाडी बरी आहे ना रे?" तिनं विचारलं. "बरेच दिवस आली नाही."

ह्यांनी फोन माझ्या हातात कोंबला.