ऐकू येणं आणि ऐकणं

चिखलीच्या त्या इंग्रजी शाळेत माझी डेमो-तासिका होती. त्याआधी दोन शाळांनी मला परत पाठवलं होतं. कारण काय, तर इंग्रजी उत्तम, पण मराठी वऱ्हाडी. आता बोला! शिकवायचं इंग्रजी आणि नाकं मुरडायची माझ्या मराठीवर. ही तिसरी शाळा, आणि ती नोकरी मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

सहावीचा वर्ग. मागच्या बाकावर संस्थेचे सचिव, कडक इस्त्रीच्या शर्टात. मी फळ्यावर दोन क्रियापदं लिहिली, हिअर आणि लिसन. अर्थ विचारला तर अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "ऐकणे!" दोन्हींचा तोच. त्यांच्या गाइडातही तसंच छापलेलं.

व्याख्या सांगून पाहिली. चेहरे कोरेच. मग म्हटलं, मरो ती व्याख्या, आणि सरळ घरच्या बोलीत विचारलं, "सकाळी माय हाका मारते, ऊठ वं, ऊठ वं. तुमाले आयकू येते का?"

"हाव!"

"मंग उठता का?"

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी ताडकन उभी राहिली. "आयकू येते मॅडम, पण आमी आयकत नाही!"

वर्ग खो-खो हसला. "झालं तर मग," मी म्हटलं. "नुसतं आयकू येते ते हिअर. ध्यान देऊन आयकलं ते लिसन." त्यानंतर पोरं थांबेनात. एसटीचा हॉर्न हिअर, शेजारणीचं भांडण लिसन! इतकं नेमकं उत्तर मला बी.एड.लाही कुणी दिलं नव्हतं.

तास संपला. सचिव पुढे आले आणि पोरांसमोरच म्हणाले, "शिकवता छान. नोकरी पक्की समजा. फक्त वर्गात ही गावंढळ भाषा बंद. शुद्ध बोलायचं. ऐकताय ना?"

माझी कानशिलं तापली. त्याच गावंढळ भाषेनं जे दहा मिनिटांत केलं, ते यांच्या गाइडाला वर्षभरात जमलं नव्हतं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"हाव सर," मी म्हणाले, "आयकू येऊन राह्यलं."

सचिवांनी समाधानानं मान डोलावली. दोन वेण्यांची पोरगी मात्र तोंडावर हात दाबून हसत होती.